गच्चीला लागून गच्ची

जहाजाच्या बाल्कनीच्या कठड्यावर मी धुतलेली साडी पसरली आणि सुनेनं धावत येऊन ती ओढून घेतली. "आई, इथं कपडे वाळत घालत नाहीत. वाऱ्यानं उडाली तर शेजाऱ्यांच्या तोंडावर जाईल, नाहीतर समुद्रात." मला हसू आलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, १९८३ साली, माझी हिरवी इरकल अशीच उडून शेजारच्या आजोबांच्या बाजेवर जाऊन पडली होती. ते दुपारचे झोपले होते. साडी आणायला कोणी जायचं यावर आमच्या घरात अर्धा तास चर्चा झाली.

आम्ही मोताळ्याचे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा, तिथून पुढं मलकापूर आणि रेल्वे. म्हणजे आम्ही घाटाखालचे, आणि घाटाखालचा उन्हाळा काय असतो ते बुलढाण्याच्या लोकांनासुद्धा पुरतं ठाऊक नसतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. रात्री अकरापर्यंत भिंती गरम असतात. त्यामुळं सगळी आळी गच्चीवर झोपते. गच्चीला लागून गच्ची, मध्ये गुडघाभर कठडा, कुठं तोही नाही. आयुष्यातल्या चाळीसेक उन्हाळ्यांच्या रात्री मी अशा, शेजाऱ्यापासून सहा हातांवर काढल्या.

म्हणून साठी उलटल्यावर मुलानं मुंबई-गोवा जहाजाची दोन रात्रींची सहल घडवली आणि खोलीला बाल्कनी घेतली, तेव्हा ती बाल्कनी मला अनोळखी वाटली नाही. नळगंगा धरणापलीकडं मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं, ते सोडा. पण दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल, पुढं काच लावलेला कठडा आणि दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ फळी. तीही खालून वीतभर मोकळी. पलीकडच्याचे चपलांचे अंगठे त्या फटीतून दिसत होते. म्हटलं, हे तर आपलंच घर आहे.

शेजाराबद्दल जे काही कळलं ते गच्चीवर कळलं. काही सासूबाईंनी सांगितलं, काही चुकून शिकले. आठवेल तसं लिहिते.

१. चढण्याआधी खाकरावं

हे सासूबाईंचं पहिलं वाक्य. मी नवी नवरी, हातात गोधड्यांचा ढीग, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. खालून त्या म्हणाल्या, "खाकर आधी. वरती कोणी कसं बसलं असंन, तुले काय माहीत?"

आमच्या आळीत सगळेच खाकरत. मामंजींचं खाकरणं वेगळं, पलीकडच्या आजोबांचं वेगळं. अंधारात खाकरण्यावरून माणूस ओळखू यायचा. ते ऐकलं की पलीकडची बाई पदर सारखा करायची, कोणी केस सोडून बसली असेल तर पाठ फिरवायची. दोन क्षणांची सवलत असायची ती. तेवढी पुरत असे.

जहाजावर बाल्कनीचं सरकतं दार उघडताना घरघर आवाज होतो. सून म्हणाली, तेल घालायला हवं याला. मी म्हटलं, नको गं, तेच त्याचं खाकरणं.

२. साण्यापासून चार हात लांब

नव्या पोरांना साणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमचं जुनं घर धाब्याचं होतं. लाकडी सरांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. स्वयंपाकघराच्या वर धाब्याला एक भोक ठेवलेलं असे, धूर जायला आणि उजेड यायला. ते साणं. वरून त्यात पाहिलं की खालची चूल, परात, भाकरी थापणारा हात, सगळं दिसतं. घरात काय शिजतंय आणि काय शिजत नाहीये, तेही दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सासूबाई सांगायच्या. त्या वर्षी कोणाच्या चुलीवर काय आहे हे साण्यातून कळलं असतं, म्हणून कोणी कोणाच्या साण्याकडं फिरकत नसे. धाब्यांना धाबी जोडलेली, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्यावर चालत जाता यायचं. पोरं संक्रांतीला पतंगामागं तशी पळायचीच. पण साणं आलं की तीसुद्धा वळसा घालायची. एक कारण असं की पायाखालची माती खाली वरणात पडते, आणि मग खालची बाई वर बघून जे बोलते ते पोरांना पाठ असायचं. दुसरं कारण कोणी बोलून दाखवलं नाही.

आमच्या घरावर १९९६ साली स्लॅब पडला. साणं गेलं.

३. ज्याचं घर उंच, त्यानं नजर खाली ठेवायची नाही

हे जरा उलटं वाटेल, पण खरं आहे. खालच्या गच्चीवरचा माणूस वर बघू शकत नाही फारसा. वरच्या मजल्यावरचा मात्र सगळं बघू शकतो. म्हणून सांभाळायचं त्यानं. आमच्या मागच्या बाजूला एकानं दुमजली बांधलं, तेव्हा त्यांनी आपल्या गच्चीच्या आमच्याकडल्या बाजूला स्वतःच्या खर्चानं चार फूट भिंत जास्तीची घेतली. कोणी मागितली नव्हती. मामंजी संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या घरी चहाला जाऊन आले. भिंतीचा विषय काढला नाही, पाऊसपाण्याचं बोलले. पण कशाला गेले होते ते दोघांनाही माहीत होतं.

माझा भाचा बुलढाण्याला वकिली करतो. त्यानं एकदा सांगितलं की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच हे उदाहरण दिलेलं आहे. गावाची तशी रीत असेल तर शेजाऱ्याच्या घराचा जो भाग एरवी कोणाला दिसत नाही, त्यावर नजर जाईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. इंग्रजांनी आपल्या गावांच्या रिती पाहूनच हे लिहिलं असणार. मला वाटलं, मामंजींना हे कलम माहीत नव्हतं आणि त्या दुमजलीवाल्यालाही नव्हतं, तरी भिंत उभी राहिलीच.

जहाजावर ही गंमत फार दिसते. वरच्या डेकवरून, मागच्या टोकाकडच्या बाल्कन्या तर पायऱ्या-पायऱ्यांच्या असल्यानं थेट दिसतात. आणि कप्तान ज्या बाहेर काढलेल्या कोपऱ्यातून जहाज धक्क्याला लावताना बाजू बघतो, तिथून तर सगळ्या बाल्कन्या एका ओळीत. मुलानं हे सांगितल्यावर यांनी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर बाहेर बसणं बंद केलं. अठ्ठेचाळीस तासांत एवढी एक गोष्ट मनासारखी झाली.

४. ऐकू आलं ते आपलं नव्हे

इथं मला थांबून लिहावं लागेल, कारण हे मी फार वाईट रीतीनं शिकले.

१९९८ चा मे. लाइट गेलेले. पंखे बंद, त्यामुळं आवाजाला आडकाठी नाही. आमच्या उजव्या हाताला अक्कांची गच्ची. अक्का माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, नात्यानं कोणी नाही, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेक-शेगडी त्यांनीच केलेली. रात्री साडेअकराच्या सुमाराला अक्का आणि भाऊजी हळू आवाजात बोलत होते. धाकट्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, खर्चाला भाऊजी दोन एकर विकायचं म्हणत होते. जमीन भावांच्या सामाईक खात्यातली. वाटण्या तोंडी झालेल्या, कागद नाही. "आत्ता कोणाले सांगजो नको," भाऊजी म्हणाले. मी पाठ करून पडले होते. डोळे मिटलेले होते, कान उघडे होते.

चौथ्या दिवशी आमच्याकडं बिबडे करायचे होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, दळून, पीठ शिजवून, मग गरम गरमच कापडावर थापायचे. एकटीचं काम नाही. पाच-सहा बायका लागतात, आणि हात चालू असले की तोंडंही चालतात. कोणी तरी म्हणालं, अक्कांच्या पोरीचं जमलं म्हणे. मी म्हटलं, जमलं, आणि भाऊजी रस्त्याकडची दोन एकरं काढतायत.

बस. एवढंच वाक्य. वाईट हेतू नव्हता. मला माहीत आहे हे दाखवायचं होतं, इतकंच. जवळिकीचा मोठेपणा.

बिबडे वाळायच्या आत ते वाक्य भाऊजींच्या थोरल्या भावापर्यंत गेलं. चावडीवर बोलाचाली झाली, तलाठ्याकडं जाणं-येणं झालं, विक्री अडली. लग्न वर्षभर लांबलं. झालं त्याच घरी, पण वर्षभर मुलीकडचे तोंड लपवत होते.

अक्कांनी मला काहीच विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात एक मिस्त्री आला आणि आमच्या सामाईक कठड्यावर अक्कांच्या बाजूनं लोखंडी अँगल ठोकून सहा फूट उंच टिनाचा आडोसा उभा केला. दिवसभर ठोकाठोक. मी खाली पोळ्या करत होते, प्रत्येक घाव डोक्यात बसत होता. संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या कानाले दार नाही ना वं, म्हणून मी माह्या गच्चीले लावलं."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. पुढं सुपातले चार खडे काढून बाजूला टाकले आणि म्हणाल्या, "चहा घेतं का?"

मी तो चहा कसा प्याले ते मला आठवत नाही.

त्यानंतर गच्चीवर पडल्यापडल्या काही कानावर आलं तर मी उठून पाणी पिऊन येते. पाणी नसेल प्यायचं तरी. पलीकडच्याला तांब्याचा आवाज ऐकू जातो, तो समजतो आणि आवाज उतरवतो. सासूबाईंचं खाकरणं ते हेच, फक्त झोपलेल्या माणसाचं.

५. आडोसा आला म्हणून रुसू नये

माझ्यावरचा टिन मी समजू शकते. पण आळीत ज्याच्या-त्याच्या गच्चीवर हिरव्या नेटचे, जुन्या चादरींचे, पऱ्हाट्यांच्या ताट्यांचे आडोसे येत गेले, आणि प्रत्येक आडोशाला कोणी ना कोणी रुसलं. "आम्ही काय चोर आहो का?" हे वाक्य मी पन्नासदा ऐकलं असेल. अहो, घरात वयात आलेली मुलगी असेल. सुनेला मूल पाजायचं असेल. कोणाला नुसतंच पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपावंसं वाटत असेल. कारण विचारायचं नाही.

फक्त एक. आडोसा घालायच्या आधी एकदा सांगावं. अक्कांनी मला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. बाकीच्यांनी सांगायला हरकत नाही. "वहिनी, उद्या नेट बांधतो, तुमच्याकडचा वारा अडला तर सांगा." एवढ्यानं काम होतं. वारा अडतोच. पण सांगून अडवलेला वारा कमी झोंबतो.

जहाजावरच्या त्या मधल्या फळीला कुलूप असतं. दोन्ही खोल्या एकाच कुटुंबाच्या असतील तर खोली आवरणारा माणूस ती उघडून देतो, बाल्कनी सलग होते. मुलाची खोली आमच्या शेजारीच होती, डावीकडं. त्यानं विचारलं, उघडायची का? यांचा होकार तोंडातच होता. मी सुनेकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, असू दे बंद.

६. जे जे पलीकडं जातं

पाणी, धूर, केस, पिसं, राख. टाकी भरून वाहायला लागली की आपलं पाणी शेजाऱ्याच्या वाळवणावर जातं. मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या असतील आणि वारा त्या बाजूचा असेल तर मिरच्या आपल्या, शिंका त्यांच्या. गच्ची झाडायची तर शेजारी जेवायला बसलाय का ते पाहून. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, ज्याला कळतं त्याला कळतं.

जहाजावर बाल्कनीत विडी-सिगारेट चालत नाही. आगीची भीती, शिवाय थोटूक वाऱ्यानं खालच्या बाल्कनीत जाऊन पडतं. समुद्रात कचरा टाकण्यावर तर आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत, १९८८ च्या अखेरीपासून लागू. प्लास्टिक तर कुठल्याच समुद्रात नाही. यांना तोंडातली सुपारी थुंकायची होती, ती गोव्यापर्यंत गिळत राहिले.

७. डोकावू नये, दारानं जावं

पहिल्या रात्री जहाज थोडं हलत होतं. उजवीकडच्या बाल्कनीतून उमासे काढल्याचा आवाज येत होता. म्हातारा माणूस, आणि त्यांची बायको सारखी "पाणी घ्या, पाणी घ्या" म्हणत होती. मराठीच. माझ्याकडं आवळासुपारी होती, आल्याचा तुकडा होता. कठड्यावरून जरासं वाकलं असतं तर फळीच्या पलीकडं हात पोचला असता.

वाकले नाही. ओकत असलेल्या माणसाला आपल्याकडं कोणी पाहतंय हे कळलं की त्याला दुप्पट त्रास होतो. खोलीतून बाहेर पडले, बोळातून जाऊन त्यांच्या दारावर टकटक केली. बाईंनी अर्धवट दार उघडलं. मी आल्याचा तुकडा आणि आवळासुपारीची डबी हातात दिली, म्हटलं, प्रवासात मलाही लागतं हो. आत पाहिलं नाही. त्यांचंही दार अर्धंच राहिलं, आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या भेटल्या. रत्नागिरीकडच्या निघाल्या. लहानपणी कोकण बोटीनं मुंबईला जायच्या, डेकवर पथारी टाकून, कोंबड्या-फणसांच्या शेजारी. "तेव्हा कुठली बाल्कनी, पाय पसरायला जागा मिळाली की राजे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण आई आम्हा बहिणींच्या भोवती लुगड्याचा पडदा बांधायची हं. दोन ट्रंका आणि एक लुगडं." आम्ही बराच वेळ बोललो. त्यांच्या यजमानांना रात्री काय झालं होतं तो विषय दोघींनीही काढला नाही.

८. रात्री दहानंतर

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, त्यात रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. नियम लाउडस्पीकरचा म्हणून लोक आठवतात. गच्चीवरच्या मोबाइलला तो कोणी लावत नाही. आताच्या पोरांना आवाज कानात घालून ऐकायची सोय आहे, तरी स्पीकरवर ऐकतात. आणि म्हाताऱ्यांचं तर बघूच नका, व्हिडिओ कॉलवर बोलताना अमेरिका खरंच लांब आहे असं समजून ओरडतात. आमचे हे त्यातले. मी हाताच्या इशाऱ्यानं आवाज खाली करायला सांगते, ते मला "थांब" असा इशारा करतात.

जहाजावर आणखी एक कळलं. बोळाकडचं दार आणि बाल्कनीचं दार एकदम उघडं राहिलं तर मधून वारा असा घुसतो की बोळाकडचं दार तोफेसारखं आपटतं. रात्री एकाला ते आमच्याकडून झालं. सकाळी मी दोन्ही बाजूंना जाऊन माफी मागून आले. डावीकडं मुलगाच होता, तरी मागितली. तो म्हणाला, "अगं आई!" मी म्हटलं, शेजारी म्हणून आले.

९. डोळा असलेली डबी

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या समोर एकानं चोरीच्या भीतीनं कॅमेरा बसवला. बसवावा. पण त्याचा रोख बरोबर आमच्या न्हाणीच्या दाराकडं. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मावशी, तो काय जिवंत माणूस आहे का?" खरं आहे, जिवंत माणूस असता तर त्याला लाज वाटली असती.

भाच्यानं सांगितलं की २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाईचं खासगी चित्र चोरून टिपणं हा तर सरळ फौजदारी गुन्हा आहे, आता नव्या न्याय संहितेत त्याला ७७ वं कलम आहे. भाचा नोटीस पाठवायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. मी त्या घरच्या सुनेला दुपारी बोलावलं, तिला आमच्या न्हाणीच्या दारात उभं केलं आणि म्हटलं, "इथून तुझं घर बघ." तिनं वर पाहिलं. काचेचा तो काळा डोळा थेट तिच्यावर. संध्याकाळी कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या स्वतःच्या फाटकाकडं वळलं. कलमं असावीत. पण आधी दारात उभं करून बघावं.

रीलवाल्या पोरांना मात्र मी अजून कसं सांगावं ते शिकलेले नाही. गच्चीवर नाचतात, मागं आपली दोरीवरची लुगडी, आणि पाठमोरे आपण. जहाजावर तर बाल्कनीतून हात लांब काढून व्हिडिओ घेणाऱ्यांची रांगच असते. घ्या बापा, पण मोबाइल समुद्राकडं धरा.

१०. हाक मात्र ऐकावी

२०२१ चा एप्रिल. दुसरी लाट. भाऊजी जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती, अक्का एकट्या, मुलगा सुरतेला अडकलेला. टिनाला तेवीस वर्षं झालेली, गंजून खालच्या कडेला जाळी पडलेली. आम्ही इकडं झोपत होतो, त्या तिकडं. रोज रात्री त्यांच्या बाजेची करकर, मग रामराम, मग शांतता, हा क्रम मला पाठ होता. ऐकायचं नाही म्हटलं तरी क्रम पाठ होतो. त्याला इलाज नाही.

एका रात्री करकर झाली, रामराम झाला नाही. थोड्या वेळानं काहीतरी पडल्याचा आवाज, तांब्या असावा, गडगडत गेला. मी उठून बसले. यांना हलवलं. ते म्हणाले, "असेल काही, आपल्याला काय करायचं." तेवीस वर्षं मीच त्यांना हे शिकवत आले होते.

मी टिनावर बोटानं टकटक केली. "अक्का?" उत्तर नाही. पुन्हा केली. मग आतून काहीतरी ओरखडल्यासारखं. नखं असावीत टिनावर.

यांनी खाली जाऊन दार वाजवलं, आतून कडी. शेवटी समोरच्या, त्या कॅमेरावाल्यांच्या मुलानं आमच्या बाजूनं टिनावर चढून उडी घेतली. अक्का बाजेखाली पडल्या होत्या, अंग थंड, घामानं भिजलेलं. साखर उतरलेली होती. त्यानं गूळ चाटवला, १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत अक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेवीस वर्षांनी मी त्यांच्या गच्चीवर पाय ठेवला होता, तोही विचारल्याशिवाय.

त्या बऱ्या होऊन आल्या. सुरतेहून मुलगा आला, म्हणाला, काकू, हा टिन काढूनच टाकतो, काही झालं तर तुम्हाला दिसेल तरी. मी अक्कांकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "राहू दे रे. टिन हाये म्हणून तं मी मोकळी झोपतो. हिले काय, हिले टिनातून बी ऐकू येते."

आता रामराम म्हणून झाला की त्या टिनावर एकदा बोट वाजवतात. मी एकदा वाजवते. मग दोघी झोपतो.

जहाजावर दुसऱ्या रात्री मला झोप लागेना. यांनी विचारलं, लाटांचा त्रास होतोय का? मी म्हटलं, नाही. आज अक्कांची टकटक कोण ऐकत असेल? शेवटी मुलाच्या मोबाइलवरून समोरच्या घरी फोन लावला. रात्रीचे दहा वाजून गेले होते, ते मला माहीत होतं.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी टिनाचा गंज घासला. अस्तर दिलं, वरून राखाडी रंगाचे दोन हात मारले. खालच्या जाळी पडलेल्या कडेला नवी पट्टी मारून घेतली. अक्कांच्या बाजूनं रंगवायला मिस्त्री चढणार होता, तेव्हा मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला थांबवलं आणि म्हटलं, आधी खाकर.